जाहीर, घोषित, प्रसिद्ध, उघड: कोणता शब्द कुठे आणि का

बातमी, प्रसिद्धिपत्रक, सोसायटीची नोटीस, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना, यांपैकी काहीही लिहायला नव्याने बसलात की पहिली अडचण वाक्याच्या शेवटी येते. कोणीतरी चारचौघांत काही सांगितले आहे. पण ते ‘सांगितले’ लिहायचे, ‘जाहीर केले’, ‘घोषित केले’, ‘प्रसिद्ध केले’, ‘उघड केले’ की ‘स्पष्ट केले’? हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असे वाटते आणि हाताला लागेल तो लिहिला जातो. त्याची किंमत वाचणारा मोजतो. ‘मदत मिळाली’ असे छापून आले की शेतकरी बँकेत जातो आणि तिथे त्याला कळते की अजून शासन निर्णयही निघालेला नाही. म्हणून शब्द निवडताना पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. सवय झाली की वेळ लागत नाही.

पहिली पायरी: बोलणाऱ्याचा अधिकार पाहा

‘जाहीर करणे’ हा सगळ्यांत मोकळा शब्द. पक्ष उमेदवारी जाहीर करतो, खेळाडू निवृत्ती जाहीर करतो, मंडळ कार्यक्रम जाहीर करते, बोर्ड निकाल जाहीर करते. सांगणाऱ्याकडे पद असो वा नसो, लोकांना कळावे म्हणून सांगितले एवढेच त्यात येते. शंका असेल तेव्हा हा शब्द घ्या, बहुधा चुकणार नाही.

‘घोषित करणे’ याला मात्र अधिकार लागतो. त्या व्यक्तीने किंवा संस्थेने म्हटल्यामुळे समोरच्याची स्थितीच बदलते. निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला विजयी घोषित करतो, डॉक्टर रुग्णाला मृत घोषित करतात, न्यायालय आरोपीला फरार घोषित करते. कसोटी सोपी आहे: हेच वाक्य अधिकार नसलेल्या माणसाने उच्चारले तर काही बदलेल का? बदलणार नसेल तर तिथे ‘घोषित’चे वजन द्यायची गरज नाही. ‘गायकाने नवा अल्बम घोषित केला’ हे म्हणूनच जड वाटते. उलट बाजूने तितका कडकपणा नको. शासन दुष्काळ ‘घोषित’ करते तसे ‘जाहीर’ही करते आणि दोन्ही रूढ आहेत.

‘उद्घोषणा’ त्याहून औपचारिक. संविधानाच्या मराठी अनुवादात आणीबाणीची ‘उद्घोषणा’ होते (अनुच्छेद ३५२). फौजदारी कामातही हा शब्द ठरलेल्या अर्थाने येतो. वॉरंट काढूनही आरोपी लपून राहिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली न्यायालय लेखी उद्घोषणा काढते आणि हजर राहण्यासाठी ती प्रसिद्ध झाल्यापासून किमान ३० दिवसांची मुदत देते. ती गावातल्या ठळक जागी मोठ्याने वाचली जाते, आरोपीच्या घरावर आणि न्यायालयात लावली जाते. तेव्हा कोर्टाची बातमी लिहिताना ‘उद्घोषणा’च्या जागी नुसते ‘आवाहन’ लिहू नका. रेल्वे स्थानकावरच्या ध्वनिक्षेपकावरून होते तीही उद्घोषणाच, पण तिथे कायद्याचा संबंध नाही.

‘प्रसिद्ध करणे’ कागदाशी बांधलेले आहे. यादी, अहवाल, निविदा, जाहिरात, अधिसूचना या गोष्टी प्रसिद्ध होतात. बदललेले नाव महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होते. महापालिकेची प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि मग अंतिम यादी प्रसिद्ध होते. मजकूर हाती घेऊन वाचता येत असेल तर ‘प्रसिद्ध’, फक्त तोंडाने सांगितले असेल तर ‘जाहीर’. एक धोका मात्र लक्षात ठेवा. ‘हे पुस्तक प्रसिद्ध आहे’ म्हणजे नावाजलेले आणि ‘हे पुस्तक प्रसिद्ध झाले’ म्हणजे छापून बाहेर आले. संदिग्धता नको असेल तिथे ‘प्रकाशित झाले’ लिहा.

दुसरी पायरी: गोष्ट कोणत्या टप्प्यावर आहे?

नवशिक्यांच्या सर्वांत महाग चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

महाराष्ट्राची २०२४ ची विधानसभा निवडणूक घ्या. निवडणूक आयोगाने १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागू झाली. अधिसूचना निघाली ती २२ ऑक्टोबरला आणि उमेदवारी अर्ज घेणे तेव्हापासून सुरू झाले. मतदान २० नोव्हेंबरला झाले, मतमोजणी २३ नोव्हेंबरला होऊन निकाल जाहीर झाले आणि उमेदवार विजयी घोषित झाले. १५ तारखेच्या बातमीत ‘अधिसूचना जारी’ लिहिले असते तर अर्ज भरणारा आठवडाभर आधीच कचेरीत पोहोचला असता. ‘जाहीर’ आणि ‘अधिसूचना’ यांच्यात इथे सात दिवसांचे अंतर होते.

अतिवृष्टीच्या मदतीचेही असेच टप्पे आहेत. मंत्री सभागृहात किंवा पत्रकार परिषदेत घोषणा करतात. मंत्रिमंडळ प्रस्ताव मंजूर करते. विभाग शासन निर्णय काढतो, त्यात दर आणि मर्यादा असतात. मग जिल्ह्यांना निधी वितरित होतो आणि अखेर रक्कम खात्यात जमा होते. क्रम कधी थोडा मागेपुढे होतो, पण यातला प्रत्येक शब्द वेगळी अवस्था सांगतो. मथळ्यात ‘शेतकऱ्यांना मदत’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘मदतीची घोषणा’, ‘मदतीचा शासन निर्णय निघाला’, ‘मदत खात्यात जमा’ यांपैकी जे खरे असेल ते लिहा. जागा कमी असेल तर दुसरा शब्द काढा, टप्पा सांगणारा शब्द ठेवा.

अधिसूचना, परिपत्रक, शासन निर्णय आणि अध्यादेश हे चार कागदही एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. अध्यादेश म्हणजे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला कायदा. शासन निर्णयाला सरसकट ‘अध्यादेश’ म्हणण्याची चूक फार पसरली आहे. आपल्या हातातल्या कागदाच्या माथ्यावर काय छापले आहे ते पाहा आणि तोच शब्द उचला.

तिसरी पायरी: ती गोष्ट आधी झाकलेली होती का?

झाकलेली नसेल तर ‘उघड’ शब्दाच्या वाटेला जाऊ नका. ‘उघड करणे’ म्हणजे दडवलेले बाहेर काढणे. ‘उघडकीस येणे’ तर वाईट गोष्टीसाठीच राखून आहे: घोटाळा उघडकीस येतो, चोरी उघडकीस येते. ‘शाळेचा नवा उपक्रम उघडकीस आला’ असे लिहिले तर शाळेवर नसता ठपका बसतो. ‘गौप्यस्फोट’ला खरोखरचे गुपित लागते. पक्षाच्या बैठकीची तारीख सांगितली की गौप्यस्फोट होत नाही.

‘खुलासा’ इथे सर्वांत जास्त बिघडलेला शब्द आहे. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कार्यालय कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवते, कर्मचारी लेखी खुलासा सादर करतो. हिंदी वाहिन्यांवर हाच शब्द ‘गुपित फोडणे’ या अर्थाने चालतो आणि तिथून तो मराठी मथळ्यांत शिरला आहे. ‘पोलिसांनी केला धक्कादायक खुलासा’ हे मराठी वाचकाने पोलिसांवर काही आरोप होता आणि त्यांनी स्पष्टीकरण दिले असे समजले, तर चूक त्याची नाही. तिथे ‘पोलिसांनी दिली धक्कादायक माहिती’ लिहा. ‘अहवाल सार्वजनिक केला’ हीसुद्धा अशीच उसनी रचना. अहवाल जाहीर करतात, प्रसिद्ध करतात, किंवा सर्वांसाठी खुला करतात. ‘सार्वजनिक’ हा शब्द गणेशोत्सवाला, वाचनालयाला आणि सुट्टीला शोभतो.

वाणीशी नाते असलेली एक जोडी आवर्जून शिका. ‘वाच्यता करणे’ म्हणजे बोलू नये ते बोलणे, म्हणून हे बहुधा नकारातच येते: ‘निविदेच्या रकमेची कुठेही वाच्यता करू नये.’ ‘वाचा फोडणे’ म्हणजे दबलेल्या गोष्टीला आवाज देणे, आणि त्यात कौतुक असते: ‘या लेखमालेने कामगारांच्या प्रश्नाला वाचा फोडली.’ दोन्ही शब्दांचे मूळ एक, पण वाचकाचा कौल अगदी उलट.

बोलीतले जोरकस शब्द वापरायला हरकत नाही, फक्त त्यांचा सूर ओळखा. दवंडी ‘देणे’ किंवा ‘पिटणे’ हे गावात खरोखर होते, तेव्हा शब्दशः अर्थ ठीक. पण ‘गावभर दवंडी पिटली’ असे एखाद्या माणसाबद्दल लिहिले की ती तक्रार होते. डांगोरा पिटणे, बोभाटा करणे, गवगवा करणे, टिमकी वाजवणे, चव्हाट्यावर आणणे या सगळ्यांत नापसंती आहे. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकात ‘आमच्या कामाचा सर्वत्र गवगवा झाला’ अशी ओळ आली तर ती ताबडतोब बदला.

चौथी पायरी: नामाबरोबरचे क्रियापद तपासा

मराठीत अर्थ पुष्कळदा नामात नसतो, शेजारच्या क्रियापदात असतो. मंत्री घोषणा करतात, मोर्चेकरी घोषणा देतात. ‘मंत्र्यांनी कर्जमाफीच्या घोषणा दिल्या’ लिहिले तर मंत्री रस्त्यावर उतरून ओरडत होते असे चित्र उभे राहते.

तसेच निवेदनाचे. मंत्री सभागृहात निवेदन करतात. संघटनेचे शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देते, म्हणजे मागण्यांचा कागद हाती ठेवते. कार्यक्रमाचे निवेदन कोणीतरी करते, आणि तो निवेदक. सूचना देणे म्हणजे असे करा असे बजावणे, सूचना करणे म्हणजे सुचवणे, सूचना काढणे म्हणजे नोटीस काढणे, सूचना मांडणे म्हणजे सभेत प्रस्ताव ठेवणे. निकालही असाच: बोर्डाचा निकाल लागतो, न्यायालय निकाल देते किंवा राखून ठेवते, आणि एखाद्या कामाचा निकाल लावला म्हणजे ते संपवले.

विशेषण म्हणून येणाऱ्या जोड्याही ठरलेल्या आहेत: जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीर माफी, जाहीर निषेध; पण प्रकट मुलाखत, खुले पत्र, उघड चौकशी. ‘जाहीर मुलाखत’ समजेल, पण व्यासपीठावर श्रोत्यांसमोर होते तिला मराठीत प्रकट मुलाखतच म्हणतात.

पाचवी पायरी: वाक्य जुळवा

‘जाहीर’ बदलत नाही, त्याच्या पुढचे क्रियापद कर्मानुसार बदलते: निकाल जाहीर केला, योजना जाहीर केली, वेळापत्रक जाहीर केले, तारखा जाहीर केल्या. निर्जीव कर्माला ‘ला’ लावू नका. ‘योजनेला जाहीर केले’ हे हिंदीच्या ‘को’ची सावली आहे. माणसाला मात्र ‘ला’ लागतो आणि मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होते: ‘तिला विजयी घोषित केले’.

नोटिशीत ‘द्वारे’ आणि ‘तर्फे’ यांची गल्लत होते. द्वारे साधनासाठी आहे: ‘या नोटिशीद्वारे कळविण्यात येते’. करणाऱ्यासाठी ‘तर्फे’ किंवा ‘कडून’: ‘संस्थेतर्फे कळविण्यात येते’. आणि ‘जाहीर करण्यात आले आहे’ लिहिताना कोणी जाहीर केले ते वाक्यात राहिले आहे ना, हे पाहा. कर्ता गळाला की वाचकाला विचारायला जागा उरत नाही.

बातमीत कोणाच्या तोंडी काय घालायचे

‘सांगितले’ आणि ‘म्हणाले’ हे तटस्थ शब्द आहेत. एकाच बातमीत ते चार वेळा आले तरी बिघडत नाही. कंटाळा घालवायला म्हणून दुसरे शब्द शोधू नका, कारण प्रत्येकात लेखकाचे मत लपलेले असते. ‘स्पष्ट केले’मध्ये आधी गोंधळ होता असे येते. ‘नमूद केले’ लेखी मजकुरासाठी आहे. ‘प्रतिपादन केले’ म्हणजे युक्तिवादासह मांडले. ‘दावा केला’ म्हणजे आम्ही पडताळलेले नाही. ‘मान्य केले’ म्हणजे ते आधी नाकारत होते. ‘सूतोवाच केले’ म्हणजे फक्त चाहूल दिली, निर्णय नाही.

‘कबुली दिली’ इथे थांबा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. म्हणून ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असे आपल्या तोंडाने लिहू नका. ‘आरोपीने कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले’ असे लिहा. दोन शब्द वाढतात, पण निर्दोष सुटू शकणाऱ्या माणसावर आपण शिक्का मारत नाही.

जाहीर नोटीस प्रत्यक्ष लिहिताना

जमीन किंवा सदनिका घेण्याआधी वकील वर्तमानपत्रात देतात ती नोटीस हा सरावासाठी उत्तम नमुना आहे. मथळा ‘जाहीर नोटीस’, ‘जाहीर सूचना’ किंवा काही भागांत ‘जाहीर प्रगटन’ असतो. तिन्ही चालतात, पण एकाच मजकुरात एकच ठेवा. गाभा साधारण असा:

‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, मौजे …, ता. …, जि. … येथील गट क्र. …, क्षेत्र … हे. आर ही मिळकत श्री./श्रीमती … यांच्या मालकी वहिवाटीची असून ती आमचे अशील कायम खरेदी घेणार आहेत. सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, गहाण, दान, वारसा, पोटगी, कुळ, ताबा अगर अन्य कोणत्याही प्रकारे हक्क वा हितसंबंध असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांच्या आत खालील पत्त्यावर लेखी पुराव्यासह हरकत नोंदवावी.’

यात बिघडते ते बहुधा वर्णनात. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि जुना सर्व्हे क्रमांक वेगळे असतील तर दोन्ही लिहा, कारण भाऊबंदांना जुनाच क्रमांक आठवतो. क्षेत्र सातबाऱ्यावर जसे आहे तसेच उतरवा. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर, त्यामुळे दशांश चिन्ह एक घर सरकले तरी जमीन दहापट होते. चतुःसीमा पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारही द्या. मुदत ‘लवकरात लवकर’ अशी लिहू नका, दिवस मोजून द्या. शेवटी ‘मुदतीत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल’ ही ओळ येते. ती लिहाच, पण अशिलाला सांगा की नोटीस छापली म्हणून खऱ्या हक्कदाराचा हक्क आपोआप बुडत नाही. आपण चौकशी केली होती हे दाखवायला ती उपयोगी पडते.

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यांत धरायचे नाहीत. सभा ३० सप्टेंबरला असेल तर नोटीस १५ सप्टेंबरपर्यंत सभासदांच्या हाती हवी. नोटिशीत वार, तारीख, वेळ, जागा आणि क्रमवार विषय द्या. इथे ‘आवाहन’ लिहू नका. आवाहन म्हणजे विनंती, ती मानली नाही तरी चालते. नोटीस ‘कळवते’.

अर्जासोबत जोडायच्या कागदाबाबत गोंधळ नको. प्रतिज्ञापत्र शपथेवर, अधिकाऱ्यासमोर होते. स्वयंघोषणापत्रावर फक्त आपली सही असते. महाराष्ट्रात २०१५ पासून अनेक दाखल्यांसाठी दुसरे पुरते.

छपाईला देण्याआधी

‘जाहीर’मध्ये ‘ही’ दीर्घ, ‘जाहिरात’मध्ये ‘हि’ ऱ्हस्व, ‘जाहीरनामा’त पुन्हा दीर्घ. ‘नोटीस’ दीर्घ, पण ‘नोटिसा’, ‘नोटिशीत’, ‘नोटिशीनुसार’ ऱ्हस्व. ‘घोषित’, ‘प्रकाशित’ ऱ्हस्व. ‘प्रसिद्धी’ दीर्घ, ‘प्रसिद्धिपत्रक’ ऱ्हस्व. जोडाक्षर ‘द्ध’ आहे, ‘ध्द’ नव्हे. जुन्या फॉण्टांतून आलेल्या मजकुरात ‘प्रसिध्द’ हमखास सापडते, तेव्हा शोधून एकदम बदला.

तारखा, गट क्रमांक, नावे आणि रक्कम दुसऱ्या माणसाकडून मूळ कागदाशी ताडून घ्या, स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही. नोटीस छापून आली की नुसते कात्रण ठेवू नका. अंकाचे नाव, आवृत्ती आणि तारीख दिसेल असे पूर्ण पान जपून ठेवा. पुढे कोणी नोटीस प्रसिद्ध झालीच नव्हती असे म्हटले तर तेच पान दाखवावे लागते.